रॉकेलनं पुसलेले दोर

३ ऑक्टोबर
काल दसरा. लिफ्टच्या मशीनची पूजा. सेक्रेटरी सावंत मुद्दाम मशीनरूममध्ये घेऊन गेला. पूजेसाठी लिफ्टचे चारही पोलादी दोर रॉकेलनं पुसलेले! "भाऊ, चांदीसारखे झाले की नाय?"
माझा जन्म माझगावच्या गोदीत क्रेनवर गेला. दोर म्हणजे समई नव्हे. पुलीवर वाकताना आतल्या तारा एकमेकींवर सरकतात, त्या मधल्या तेलामुळे. रॉकेल गाभ्यापर्यंत शिरतं आणि तेच तेल पळवतं. मग तार तारेला खाते. सांगितलं.
"सणासुदीचं अभद्र बोलू नका." हातात पेढा.

२९ ऑक्टो.
लिफ्ट कंपनीला फोन. तिथला साहेब : जास्त तेल घातलं तर दोर पुलीवर घसरेल. अरे, जास्त कोण म्हणतंय? कोरडा आणि ओथंबलेला, यांच्यामध्ये काही असतं की नाही? योग्य ते तेल, हलका हात. बस्स. "बघतो" म्हणाला.

६ मार्च
कोणी बघितलं नाही. आज पुलीखाली तांबडी पूड.
सावंत : "दसऱ्याचा कुकू ता, भाऊ. कुकवाक कित्याक भियतास?"
दसऱ्याचं कुंकू मार्चमध्ये? आणि वाढत जाणारं? चिमटीत चोळलं. गंजकं लोखंड. दोर दळला जातोय, त्याचं हे पीठ.

८ मार्च, रवि.
सोसायटीची मीटिंग. दोर बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा, म्हटलं. घसा बसेपर्यंत बोललो. गिरणी गेली, चाळ गेली, आता जीवही श्रद्धेच्या नावानं टांगणार का? टाळ्या. मग मतदान. माझ्याशिवाय एक हात वर नाही. दुसरी लिफ्ट टॉवरचा ताबा मिळाल्यापासून बंदच, त्यामुळे...
परब : "चार दोर आहेत भाऊ. एक तुटला तरी तीन उरतात."
चारही एकाच फडक्यानं पुसलेत, परब!
हशा. भाषणाला टाळ्या, ठरावाला पाठ. आयुष्यभर हेच.
बायकोनं, सुमननंही हात वर केला नाही. घरी म्हणाली, "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्यातला व्यायाम चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय. सोळाव्या मजल्यावरून कशी उतरू? तुमच्या खांद्यावर बसून?"
 

१० मार्च
कंपनीचा माणूस आला. लिफ्ट थांबवून दोरावरून फडकं फिरवलं. दोन ठिकाणी अडकलं. तुटक्या तारा.
"चलेगा काका. रिपोर्ट में लिख देता हूँ."
बाहेरच्या तारा फडक्याला लागतात. आतल्या किती तुटल्या असतील, ते कोण सांगणार?

१२ मार्च
लिफ्ट रिकामी असताना मेन स्विच पाडला. मशीनरूमला माझं कुलूप.
सावंत : "ही दादागिरी झाली, भाऊ."
झाली.
सुमन व्यायामाला गेली होती. माहीत होतं. ती लिफ्टमध्ये नाही, एवढंच पाहिलं. परत आली आणि खालीच अडकली. नवे दोर कधी, कंपनी सांगत नाही.
जिन्यानं खाली गेलो. सोसायटीच्या ऑफिसात पाय लांब करून बसली होती. तारा, तेल, गाभा, सगळं पुन्हा समजावू लागलो.
"अहो, भाषण पुरे. आज मला कुठं झोपवणार, ते सांगा."
तिची औषधं न्यायला वर आलोय. ती वाट बघतेय. मशीनरूमची किल्ली अजून माझ्याच खिशात.