या लाइनीवर फोन किती?

ती. वन्सं यांस,

नमस्कार. वाकून केला आहे असं समजा. माझे गुडघे आणि तुमचा खुबा पाहता आपण दोघींनी समजुतीनेच घेतलेलं बरं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आलं. झोप लागते का? जेवण जातं का? डॉक्टरांना उलट उत्तरं देऊ नका, ते खातं घरात माझ्याकडे आहे. आणि शेजारच्या खाटेवरची बाई तिच्या ऑपरेशनची हकिगत सांगू लागली तर सरळ घोरायला लागा.

तुम्ही पाठवलेला मोडेम पोचला. सोबतची चिठ्ठीही पोचली. तुम्ही लिहिलंत, ऑपरेशनच्या आधी रविवारी सगळे पडद्यावर दिसा, आणि तुम्ही दोघी भावजया एका वेळी दिसा, मोडेम एकच पाठवलाय, तो दोन्ही घरांना पुरेल. चिठ्ठी गोड होती. पण वन्सं, मी तुमच्या माहेरी उभा जन्म काढला आहे. तुमचा गोडवा कुठून सुरू होतो आणि कुठे नेऊन सोडतो हे मला कळतं. भिंतीपलीकडे राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेशी माझा अबोला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. कारणही ठाऊक आहे, पण ते तिच्या तोंडून. तेव्हा माझी बाजू एकदा लेखी असू द्या.

घर एक, मध्ये भिंत, आणि फोनची लाइनही एकच. तुमच्या दोन्ही भावांनी हयातीत त्या भिंतीला भोक पाडलं (असं पाडलं की त्यातून हात घालून साखर मागता आली असती) आणि माझ्या हॉलमधल्या फोनची वायर तिच्या स्वयंपाकघरात नेऊन तिथे दुसरा फोन बसवला. दोघंही गेले, भोक राहिलं. तर एका सकाळी मी माझ्या मैत्रिणीला फोनवर सांगत होते, की जावेने नवे पडदे लावलेत, ते दवाखान्यात दोन खाटांच्या मध्ये लावतात तसे आहेत. आणि तेवढ्यात लाइनीवर कुणीतरी शिंकलं. मैत्रिणीला सर्दी नव्हती. मला नव्हती. आता चोरून ऐकणारीने आधी माफी मागायची की पडद्यांबद्दल खरं बोलणारीने, यावर आमचं एकमत झालं नाही. मी त्या भोकावर कॅलेंडर टांगलं. त्या दिवसापासून माझ्या लेखी पलीकडे जाऊ नाही, स्वयंपाकघर नाही आणि फोनही नाही.

मोडेमकडे वळते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये परीक्षेला सिस्टर सांगायच्या, की प्रश्नपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याखेरीज पेनला हात लावायचा नाही. मी माहितीपुस्तक तसंच वाचायला घेतलं. पहिली काही पानं यंत्र कशासाठी वापरू नये यावरच होती. यंत्र अंघोळीच्या टबात नेऊ नये. खाऊ नये. (हे लिहायची पाळी त्यांच्यावर कुणी आणली असेल?) तिथे माझा संयम संपला आणि मी तुमच्या जावयांनी पाठवलेली आकृती पुढ्यात घेतली. जावई हुशार आहेत, विचारलं नाही तरी समजावून सांगतात. त्यांच्या आकृतीत घर अंड्यासारखं आहे आणि मला अंबाडा आहे. मी केस कापल्याला इतकी वर्षं झाली, की ज्या न्हाव्याने कापले त्याला टक्कल पडलं. पण आकृती बरोबर होती. भिंतीतली वायर त्या लहानशा डबीत, म्हणजे फिल्टरमध्ये. फिल्टरला दोन तोंडं, एक फोनला आणि एक मोडेमला. मोडेमची दुसरी वायर लॅपटॉपला. मग लॅपटॉपवर टिंबं घालून आकडे टाकायचे, की मोडेमचं स्वतःचं पान उघडतं. ते नाव विचारतं, उत्तर ॲडमिन. पासवर्ड विचारतं, उत्तर पुन्हा ॲडमिन. कुलपालाच किल्ली लटकवून ठेवायची आणि वर सुरक्षिततेवर दोन पानं लिहायची, याला धाडस लागतं.

कंपनीने दिलेलं नाव घातलं, पासवर्ड घातला, बटण दाबलं. पॉवरचा दिवा लागला, डीएसएलचा लुकलुकून स्थिरावला, मग इंटरनेटचाही हिरवा झाला. मी चष्मा पुसून खुर्चीत टेकते न टेकते तोच शेवटचे दोन दिवे गेले. थोड्या वेळाने आले. पुन्हा गेले. दिवसभर हेच. सकाळी धड, दुपारी अंगात आल्यासारखं.

कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंचा आवाज इतका गोड, की मला त्यांच्या दातांची काळजी वाटली. मॅडम, मोडेम बंद करून परत चालू करा. केला. परत एकदा करा. मी त्यांना सांगितलं, बाई गं, मी ट्रंक एक्स्चेंजची सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले, अर्ध्या जगाची बोलणी माझ्या हाताखालून गेली, बंद-चालू करून लाइन सुधारत असती तर आम्ही सगळ्या एक्स्चेंजचं एकच मोठं बटण करून त्यावर शिपाई बसवला असता. त्या म्हणाल्या, बरोबर आहे मॅडम, आता बंद करून चालू करा. शेवटी त्यांच्या कागदावरचा पुढचा प्रश्न आला: या लाइनीवर एकूण फोन किती? मी ठासून सांगितलं, एकच.

वन्सं, हे खोटं नव्हतं. कॉन्व्हेंटची मुलगी खोटं बोलत नाही. पलीकडचा फोन मी कॅलेंडर टांगलं त्या दिवशीच रद्द केला होता.

मग तंत्रज्ञ आले. भारदस्त गृहस्थ, पट्ट्याला एवढी अवजारं की बसताना वाजायचे. त्यांनी खांबापासूनची वायर बदलली, भिंतीतला सॉकेट बदलला, मोडेमला कानाशी धरून हलवलं. कॅलेंडरवरच्या चित्राचं कौतुक केलं, पण ते उचलून पाहिलं नाही. शेवटी निदान केलं, की घरातली वायर जुनी आहे. मी म्हटलं, मीही जुनी आहे, पण मी दुपारी बंद पडत नाही. ते वाजत वाजत निघून गेले.

रविवार जवळ येत होता. मी दिव्यांसमोर खुर्ची घेऊन बसले, एक्स्चेंजमध्ये बोर्डासमोर बसायचे तशी. दिवे गेले, आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून जावेचं हसू आलं. (तिचं हसू भिंतीला जुमानत नाही.) हसू थांबलं, दिवे आले. थोड्या वेळाने बांगड्या वाजल्या, दिवे गेले. लाइनीवर खरखर आहे का हे पाहायला मी रिसीव्हर उचलला आणि लगेच ठेवला. मग माहितीपुस्तकाचं न वाचलेलं शेवटचं पान काढलं. तिथे जाड अक्षरात होतं: लाइनीवरच्या प्रत्येक फोनला फिल्टर लावावा, नाहीतर तो फोन उचलताच इंटरनेट तुटेल. खोक्यात डब्या दोन होत्या. दुसरी मी जादा समजून बटणांच्या डब्यात टाकली होती.

म्हणजे माझं इंटरनेट माझ्या जावेच्या हातात होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मस्तकात ठेवून उपयोग नव्हता. डबी पोस्टाने पाठवायचा विचार केला. कॅलेंडर बाजूला करून भोकातून ढकलायचाही केला; भोकात कोळ्याने घर केलं होतं. शेवटी गेले. दार तिनेच उघडलं.

“काय हवंय ताई?”

“तुझा फोन.”

“मी बोलतेय त्याच्यावर.”

“म्हणूनच आलेय.”

ती बाजूला झाली. मी तिच्या फोनची वायर काढली, डबी लावली, वायर डबीत खोचली. एकही शब्द अनावश्यक बोलले नाही. ती पाठीमागे उभी राहून बघत होती. मग म्हणाली, “चहा टाकलाच होता.” टाकला नव्हता, ओटा कोरडा ठणठणीत होता आणि भांडं फळीवर. मी उभ्यानेच घ्यायचं ठरवलं होतं, पण तंत्रज्ञानाचं काम झाल्यावर थोडं बसून निरीक्षण करावं लागतं, म्हणून बसले. तेव्हापासून दिवे हिरवे आहेत. याचा अर्थ अबोला संपला असा काढू नये. जे झालं ते केवळ दुरुस्तीपुरतं झालं.

रविवारी दिसूच. तब्येतीला जपा. जावयांना आणि मुलांना माझे आशीर्वाद, आकृतीबद्दल जावयांचं अभिनंदन, अंबाडा वगळून.

तुमची,
मोठी भावजय

ता. क. रिसीव्हर उचलला आणि लगेच ठेवला असं वर लिहिलं आहे. अगदी लगेच नाही ठेवला. पलीकडे जाऊ होती आणि तिच्या पलीकडे तुम्ही होता. माझ्या हट्टीपणाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी मनावर घेतलेलं नाही (फक्त पाठ आहे). पण जाऊ म्हणाली, की ताई रविवारी दिसल्या नाहीत तर मीही नाही बसणार, एकटीने काय बसायचं. वन्सं, तेवढ्यासाठी मी थोडं आणखी ऐकलं. शिंक आली होती, ती दाबली.

ता. क. २. आता पत्राचं खरं काम. मी जावेला सांगितलं आहे, की ही डबी रोज संध्याकाळी चारच्या सुमाराला तपासावी लागते, आणि ती एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या माणसानेच तपासावी. तुमचे जावई रविवारी पडद्यावर आले, की न विचारता सांगणार, छे छे, फिल्टर एकदा लावला की झालं, पुन्हा बघायची गरजच नाही. त्यांना मुळीच बोलू देऊ नका. खोकला आला म्हणा, नातवाला मांडीवर द्या, काहीही करा. हे फोनवर सांगता येत नव्हतं, फोन तिकडेही वाजतो, म्हणून हा पत्राचा खटाटोप. कुरिअरने पाठवते आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करत होते तेवढ्यात जाऊ येऊन गेली. डबीभोवती गुंडाळलेलं पत्रक मी तिच्याकडेच विसरले होते; ते म्हणे डबी लावली त्याच दिवशी तिच्या मुलीने तिला सगळं वाचून दाखवलं. मी पाकिटावरचा पत्ता बघत बसले. तिने दारातूनच विचारलं, “रविवारी पण तपासायची असते का हो ती?” मी म्हटलं, रविवारी दोनदा.