गुरुवारचं नाव

अल कुसैस, दुबई
शुक्रवार, १२ एप्रिल २००२

प्रिय मुग्धा,

तुझा फोन येत नाही म्हणून मी पत्र लिहायला बसले, असा समज करून घेऊ नकोस. फोन का येत नाही हे मला माहीत आहे. जानेवारीत बाबांनी तुला सांगितलं की लग्नाला आमच्याकडून कोणी येणार नाही, तेव्हा मी फोनशेजारीच उभी होते. त्या वाक्यात मी काही भर घातली नाही आणि त्यातलं काही कमीही केलं नाही. आज सुट्टी आहे. बाबा खाली गाडी धूत आहेत, आणि मला तुला एका फाइलबद्दल सांगायचं आहे. ऑफिसातलं मी घरी बोलत नाही हे तू लहानपणापासून बघत आली आहेस. ही फाइल मात्र निम्मी तुझीच आहे.

देऱ्यातलं आमचं ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस तुला आठवत असेल. शाळेला सुट्टी असली की तू मागच्या टेबलावर बसून जुन्या विमान-वेळापत्रकांवर चित्रं काढायचीस. आता माझ्याकडे फक्त युरोपच्या व्हिसाचं काउंटर आहे. शेंगेन आल्यापासून एका व्हिसावर अनेक देश फिरता येतात, त्यामुळे गर्दी वाढली आणि गर्दीबरोबर कागदही वाढले. आफ्रिकेतून येऊन इथे धंदा करणारे पुष्कळ लोक आमच्याकडे येतात. त्यांच्यातल्या काही देशांच्या लोकांना नुसतं विमान बदलायला उतरायचं असलं तरी वेगळा व्हिसा लागतो. इथल्या स्पॉन्सरचं पत्र, ट्रेड लायसन्स, बँकेचं स्टेटमेंट, परतीचं बुकिंग, जिथे उतरणार त्या माणसाचं निमंत्रण, आणि एवढं सगळं असूनही आपण परत येणार याचा पुरावा. परत येण्याचा पुरावा जाण्याआधी कसा द्यायचा, हे इतकी वर्षं हे काम करूनही मला कळलेलं नाही. आपल्या लोकांनाही जवळजवळ हेच कागद लागतात. तरी रांगेत पुढे आफ्रिकन माणूस असला की आपला माणूस जरा ताठ उभा राहतो. आमच्याकडे या फाइलींचा ट्रेसुद्धा वेगळा होता. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सुजीत, दोन मुलांचा बाप, त्याला काळा ट्रे म्हणायचा. ट्रे पांढराच होता.

फेब्रुवारीत एक बाई सुजीतला ओलांडून थेट माझ्यासमोर आल्या. उंच, भक्कम, डोक्याला गर्द निळं कापड बांधलेलं. बसायच्या आधीच म्हणाल्या, तुम्ही मुग्धाच्या आई, मी क्वामेची. मी भांडायला आलेले नाही, व्हिसाला आले आहे. माझा मुलगा म्हणतो, देऱ्यात तुमच्याइतकं पक्कं काम कुणाचं नाही. हे त्याला कोणी सांगितलं असेल ते मी विचारलं नाही. सगळं ऑफिस टाइप करायचं थांबलं होतं. मी म्हटलं, इथे फक्त कामाचं बोलायचं. त्या म्हणाल्या, मॅडम, मी कामाचंच बोलते आहे. जूनमध्ये तिकडे युरोपात माझ्या एकुलत्या एका मुलाचं लग्न आहे, त्याचा बाप नाही, तेव्हा बापाच्या जागीही मलाच उभं राहायचं आहे. तेवढं करून द्या, मग खलास, पुन्हा तोंड दाखवणार नाही.

मी फाइल सुजीतकडे सरकवली. नात्यातली फाइल आपण हाताळू नये, असं त्याला सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ‘नात्यातली’ म्हणाले. सुजीतच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने मान खाली घालून उगाचच पंच मशीन झटकलं.

महिन्याभराने कॉन्सुलेटमधून फाइल परत आली. पासपोर्टवर त्यांचं नाव ग्रेस मेन्सा. क्वामेच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव अकोसुआ बोआटेंग. आणि सुजीतने भरलेल्या फॉर्मवर ग्रेस क्वाबेना मेन्सा! क्वाबेना हे त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव. सुजीतने ते कागदांत कुठेतरी वाचलं आणि सवयीने बाईच्या नावात मध्ये घालून टाकलं. आपल्याकडे मध्ये नवरा नसला तर बाईचं नाव अर्धवट वाटतं ना. खिडकीतल्या माणसाने नियमाला धरूनच विचारलं होतं, की या तिघींपैकी मुलाची आई कोणती? ग्रेसबाई ऑफिसात येऊन म्हणाल्या, तीन बायका निघाल्या होय, मग तिघींनाही व्हिसा द्या, लग्नघरात कामाला होतील. सगळे हसले. त्या स्वतः हसल्या नाहीत. त्यांच्या हातातल्या पिशवीच्या बंदांना पिळावर पीळ बसत होता. पुन्हा फाइल फिरली तर नकाराचा शिक्का बसतो, आणि मग पुढच्या प्रत्येक खिडकीत माणसाच्या आधी तो शिक्का बोलतो. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी सुजीतकडून फाइल काढून घेतली. ग्रेसबाईंना समोर बसवलं आणि पहिल्यापासून विचारलं. त्यांच्या लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. रविवारची मुलगी ती अकोसुआ, माहेरची बोआटेंग. पुढे चर्चमध्ये ग्रेस झाल्या, लग्नात मेन्सा. तुझा क्वामे शनिवारचा. तुझ्या आजीला हे कळलं असतं तर तिने आधी मारुतीला तेल घातलं असतं आणि मग तुला फैलावर घेतलं असतं. मला मात्र यात नवल वाटायला काही जागा नव्हती. माझी बी.ए.ची पदवी प्रभावतीची आहे. ही नोकरी मिळाली तेव्हा पासपोर्टवर प्रमिला होती, आणि प्रभावती ती मीच, असं मला नोटरीपुढे शपथेवर सांगावं लागलं होतं. ते मी ग्रेसबाईंना सांगितलं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आधीची मुलगी गेली कुठे? मी म्हटलं, इथे सही करा.

मग काम सुरू झालं. त्यांच्या माहेराहून, कुमासीहून, थोरल्या भावाचं प्रतिज्ञापत्र मागवलं, त्यांच्या वकिलातीचा शिक्का घेतला, आणि सोबतचं पत्र मी स्वतः लिहिलं. तीन नावं, माणूस एक. इंग्रजीत अशी चार वाक्यं लिहायला मला कधी वेळ लागत नाही, त्या दिवशी संध्याकाळ झाली. या येण्याजाण्यात त्यांनी एकदा विचारलं, तुमची मुलगी कोणत्या वारची? तारीख मला पाठ आहे, वार आठवेना. घरी आल्यावर स्वयंपाकघरातून मी आपली मोठ्याने म्हणाले, मुग्धाचा वार कोणता होता कोण जाणे. बाबा बाहेर पेपर वाचत होते. जानेवारीपासून या घरात तुझं नाव कोणी घेतलेलं नव्हतं. पेपर खाली न करता ते म्हणाले, गुरुवार. पावसात रिक्षा मिळाली नव्हती. एवढंच. मग पान उलटल्याचा आवाज आला. मी बराच वेळ नळ तसाच चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी ग्रेसबाईंना गुरुवार सांगितला, तशा त्या टाळी वाजवून म्हणाल्या, मग ती ‘या’. गुरुवारच्या मुलीला आमच्यात ‘या’ म्हणतात. आता आमच्या घरात तिचं तेच नाव. मी त्यांना सांगितलं की आमच्या भाषेत दारात आलेल्या माणसाला आम्ही हेच म्हणतो. त्यांना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून ऑफिसचं दार ढकलताना त्या स्वतःच मोठ्याने या म्हणायला लागल्या. ते यजमानाने म्हणायचं असतं, पाहुण्याने नाही, हे मी दोनदा समजावलं. उपयोग झाला नाही. सुजीतही त्यांना या या म्हणायला लागला. काळा ट्रे हा शब्द मी ऑफिसात बंद केला आहे. ट्रेही आता एकच आहे.

मागच्या शुक्रवारी त्या एका कागदावर सही राहिली म्हणून घरी आल्या. तो कागद शनिवारीही चालला असता. मी आत होते, दार बाबांनी उघडलं. दारात निळं कापड बांधलेली बाई, आणि बाबांनी काही विचारायच्या आत तिने हसून म्हटलं, या! बाबा गोंधळले. पण तुझ्या आजीने लावलेली सवय कुठे जाते? तोंडातून निघून गेलं, या, या, बसा. मी बाहेर आले तेव्हा त्या सोफ्यावर बसल्या होत्या आणि बाबा पंखा वाढवत होते. मी ओळख करून दिली, ह्या क्वामेच्या आई, इथे कापडाचा धंदा करतात. बाबा उठून गेले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कापडाच्या धंद्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, तुमचं सुरती कापड आमच्याकडे लोक डोळे मिटून घेतात, रंग तेवढे फिके पाठवू नका म्हणावं. मग दोघं मिळून कार्गोवाल्यांना नावं ठेवत बसले. मी केलेला शिरा त्यांनी दोनदा घेतला. जाताना त्या बाबांना म्हणाल्या, भाऊ, मला व्हिसा मिळाला तर मी जाईन, पण मुलीच्या बाजूची खुर्ची रिकामी असली तर माझ्या मुलाचं लग्नही अर्धंच होईल. बाबांनी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं.

परवा बुधवारी व्हिसा आला. मी पासपोर्ट उघडून स्टिकर तपासलं. नाव, तारीख, मुक्कामाचे दिवस, सगळं बरोबर. पासपोर्ट हातात दिला तेव्हा मला वाटलं होतं की या बाई आता ऑफिस डोक्यावर घेतील. त्या खाली बसल्या आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, मॅडम, तुमची फाइल कुठे आहे? मी म्हटलं, मी आधी दुसऱ्यांची कामं करते. उठताना माझ्या टेबलावर निळं कापड ठेवून गेल्या. लग्नात मुलीच्या आईने नेसायला, असं सुजीतला सांगून गेल्या म्हणे. नऊवारीला पुरणार नाही, पण रंग चांगला आहे.

मुग्धा, माझं चुकलं असं लिहिण्यासाठी हे पत्र नाही. तुझ्या निर्णयाबद्दल मला अजून काही प्रश्न आहेत. ते मी तिथे येऊन समोरासमोर विचारीन आणि क्वामेला बसवून विचारीन. पण यायचं तर नियम सगळ्यांना सारखाच आहे, आपल्या पासपोर्टलाही. बोलावणाऱ्याच्या पत्राशिवाय मी कुणाचीच फाइल घेत नाही, स्वतःचीही घेणार नाही. बाबांना काल रात्री जेवताना विचारलं. ते म्हणाले, आपल्याला बोलावणं तरी कुठे आलंय? ते रागाने म्हणाले असं मला वाटलं नाही. तेव्हा निमंत्रणाचं पत्र ताबडतोब पाठव. जूनसाठी आधीच उशीर झाला आहे. दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे लिही. माझ्या नावात मध्ये बाबा आहेत, त्यांना वगळू नकोस. नातं काय ते स्पष्ट लिही. लग्नात तांदळाचं ताट मांडायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण मांडलंत तर तांदळात मुग्धाच लिहायला सांग. आणि पत्र इंग्रजीत टाइप करून झालं की खाली तुझं गुरुवारचं नाव मराठीत, स्वतःच्या हाताने लिही. कॉन्सुलेटला त्याची गरज नाही. ते एक अक्षर मी बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवणार आहे.

तुझीच,
आई