फुगीर पाठीची गिटार

हिमायतनगर,
ता. २ मे २०२५

चि. अश्वजित यास बाबांचा सप्रेम जयभीम.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तू इथल्या पत्त्यावर मागवलेली गिटार कुरिअरनं आली त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण कुठून सुरू करावं ते सुचेना. आई बरी आहे. ऊन लई आहे. मी आपल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत हल्ली जात नाही, घसा धरतो.

तू आईला फोनवर सांगितलंस, गिटारीची पेटी उघडू नका, मी येऊन नेईन. मी उघडली. घरावरचे पत्रे तापतात, पेटीत काही तडकलं तर, या काळजीनं चैन पडेना.

गिटार सपाट असते एवढंच मला माहीत. ही पुढूनही फुगीर, मागूनही फुगीर. मधे गोल भोक नाही, दोन बाजूंना वळणदार चिरा. तशा व्हायोलिनला पाहिल्या आहेत. रंग कडेला धुरकटलेला. आई म्हणाली, "नवा माल मागवला अन् जुनाच धाडला की हो! फसलं माझं लेकरू." पण चिरेला नाक लावलं तर आत ताज्या लाकडाचा वास. वर विजेची पिन खुपसायची सोय. नवी वस्तू मुद्दाम जुन्या रूपाची का करतात रे? तुम्हा पोरांना जुन्यातलं नेमकं काय हवं असतं? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

मग घोटाळा झाला. एकतारी ठेवून देताना आपण तार ढिली करतो, उन्हाळ्यात लाकडाला ताण नको म्हणून. तशा हिच्याही तारा ढिल्या केल्या, तर तारांखालची घोडी गळून पडली! आई ओरडली, "मोडली ना? हात लावू नका म्हणलं होतं न्हाई लेकरानं?"

घोडी उलटी करून पाहिली. डिंकाचा मागमूस नाही. तळ मात्र फुगवट्यावर बरोब्बर बसेल असा घासलेला. म्हणजे ही चिकटवतच नाहीत, नुसत्या तारांच्या दाबानं उभी राहते! एकतारीचंच तंत्र. केवढा आनंद झाला म्हणून सांगू. परत बसवून तारा ताणल्या.

आईला म्हणालो, तू तार छेड. तिनं छेडली. "आलं का ऐकू?" मी होकाराची मान हलवली. "खोटं बोलून राहिलात," ती म्हणाली. मग मी गिटारीच्या पाठीला जबडा टेकवला अन् म्हणालो, पुन्हा छेड. जाड तार दातांतून थेट डोक्यात घुमली.

अश्वजित, घसा ठणठणीत आहे. कान गेले. ताल चुकायला लागला म्हणून पार्टी सोडली. आई तोंडासमोर येऊन ओरडते तेवढं कळतं. फोनवर नुसती खरखर. तू पार्टी सोडून पुण्याला गेलास म्हणून मी बोलत नाही, असं तू आईला म्हणालास. राग नाही रे. तुला कळू द्यायचं नव्हतं, आईलाही शपथ घातली होती.

तू काय वाजवतोस ते मी अजून एकदाही ऐकलेलं नाही. बुद्ध पौर्णिमेला ये. तू वाजव, मी गिटारीच्या शेंड्याला जबडा टेकवून बसेन. हसायचं नाही.

येतोस की नाही ते लवकर कळव. फोन नको करू, लिहून पाठव.

वाट बघणारा,
तुझा बाबा
साहेबराव