बेलची वायर आणि अकरा अ‍ॅम्प्लिफायर

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो, ते येणेप्रमाणे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मुलीला तो पुरेसा वाटत नाही, कारण ही या कागदाची चौथी प्रत आहे आणि दर वेळी दुकानाच्या कलमाशी आलो की मी उठून येरझारा घालू लागतो. आधीच्या तिन्ही प्रती फाडल्या आहेत. त्यातला एखादा तुकडा कोणाला सापडलाच तर तो रद्द समजावा.

कलम पहिले. वरच्या दोन खोल्या, त्यातील सर्व सामान आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. स्वयंपाकघरातला नळ उलटा उघडतो. तो मीच तसा बसवला आहे आणि चांगला चालतो. प्लंबर बोलावून तो सुलटा करू नये.

कलम दुसरे. दुकानातील हत्यारे. मोठे मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि पकडी ज्याला खरोखर वापरायच्या असतील त्याला मुलीने द्याव्यात, शोभेला ठेवणाऱ्याला देऊ नयेत. बारीक स्क्रू-ड्रायव्हरच्या संचातले पाच नग शेजारच्या घड्याळवाल्याला द्यावेत. सहावा त्याच्याकडेच आहे. सतरा वर्षांपूर्वी "लगेच आणून देतो" म्हणून नेला होता. पाच मिळाल्यावर तरी त्याला लाज वाटेल अशी आशा आहे.

कलम तिसरे. मागच्या खोलीतील फळीवरचे अकरा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर. यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, नाहीतर मुलगी ते भंगारात घालील, आणि तिला दोष देता येणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर दोन जातींचे. जुने व्हॉल्व्हचे, त्यात काचेचे दिवे असतात, ते तापायला अर्धा मिनिट घेतात, हात लावला तर भाजतात, वजनाने कंबर मोडतात, पण त्यांच्यातून आलेला आवाज गोल आणि भरलेला असतो, गाणारी बाई जवळ बसल्यासारखी. नंतर आले ट्रान्झिस्टरचे. ते हलके, गार, स्वस्त, बिघडायला नाखूष, आणि आवाज स्वच्छ पण कोरडा. व्हॉल्व्हसारखा आवाज देणारा ट्रान्झिस्टर मला आयुष्यात एकदा भेटला. तो हातचा गेला, आणि तसा दुसरा शोधण्यात माझी एकतीस वर्षे गेली. जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या हॉटेलांतून, एकदा तर एका दंतवैद्याच्या दवाखान्यातून मी हे अकरा आणले. प्रत्येक वेळी वाटायचे, हाच. घरी आणून जोडला की पहिल्या ओळीलाच तोंड कडू व्हायचे. माझी पत्नी हयात असताना म्हणायची, "अकरा सवती आणल्यात घरात, आणि एकीला धड गाता येत नाही." तिचे खरे होते. शेवटच्या आजारपणात ती आतल्या खोलीत पडून होती आणि मी बाहेर सातव्याचे कपॅसिटर बदलत होतो. याची मला लाज आहे आणि ती इथे लिहून ठेवतो.

कलम चौथे. दुकान.

(इथे उठलो होतो. पाणी प्यालो. परत बसलो.)

दुकान माझ्या नावावर असले तरी ते मी आणि माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, मिळून उघडले होते. दादा व्हॉल्व्हचा माणूस. त्याच्याइतका कान मी दुसऱ्या कोणाला पाहिला नाही. रस्त्यावरून जाताना कोणाच्या घरातला रेडिओ वाजत असला तर कोणता व्हॉल्व्ह म्हातारा झालाय ते तो चालता चालता सांगायचा. मी ट्रान्झिस्टरच्या बाजूचा. त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाला एकाच काउंटरवर दोन सल्ले मिळायचे आणि गिऱ्हाईक तिसऱ्या दुकानात जायचे. शेवटी एके दिवशी दादा चिडून म्हणाला, "तुझा हा पत्र्याचा डबा माझ्या कानाला फसवू शकला ना, तर किल्ली ठेवून जाईन मी."

मी म्हटले, "ठरलं."

मागच्या खोलीत आडवी चादर बांधली. चादरीमागे मुख्य टेबलावर दादाचा व्हॉल्व्हचा, पलीकडे खिडकीजवळच्या टेबलावर माझा. दोन्ही एकाच स्पीकरला, मधे एक स्विच. माझे टेबल लांब पडले आणि वायर पुरेना. मागच्या दाराच्या चौकटीवरून घरातल्या बेलची बारीक वायर गेली होती, ती मी उपटली आणि जोडली. वाजले, झाले. चादरीच्या अलीकडे दादा आणि पंच म्हणून घड्याळवाला. एकच गाणे, तीन वेळा, मी स्विच इकडून तिकडे. तिन्ही वेळा दादा डोळे मिटून म्हणाला, "हा. हा व्हॉल्व्हचा." तिन्ही वेळा तो माझा होता.

चादर ओढली तेव्हा दादाने स्विच कोणत्या डब्याकडे आहे ते पाहिले. मग खिशातून किल्ली काढली. घड्याळवाला म्हणाला, "अहो जाऊ द्या, गंमत होती." त्या वेळी मी नुसते "दादा, थांब" म्हटले असते तरी तो थांबला असता. मी म्हणालो, "खुंटीला लाव."

त्याने खुंटीला लावली आणि मागच्या दाराने गेला. पुढे त्याने लिफ्टच्या देखभालीचे काम धरले. तसा कान असलेला माणूस निवृत्त होईपर्यंत मोटारींची घरघर ऐकत राहिला. इथून दोन गल्ल्या सोडून राहतो. रस्त्यात समोर आला तर मी घड्याळवाल्याच्या दुकानात शिरायचो. पत्नी गेली तेव्हा तो आला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे न बघता गेला.

जिंकल्याच्या आनंदात मी स्पीकरला नवी, जाड, भारी वायर आणली. त्या दिवसापासून तो आवाज गेला. तोच अ‍ॅम्प्लिफायर, तोच स्पीकर, आणि आवाज कोरडा ठणठणीत. मला वाटले आतले काहीतरी मेले. तीन-चार महिने तो उघडून बसलो, मग वैतागून एका शिंप्याला विकला. दोन वर्षांनी पश्चात्ताप होऊन शिंप्याला शोधत गेलो, तर तो गाव सोडून गेलेला. तेव्हापासून हे अकरा.

गेल्या वर्षी मुलीने माळा आवरायला काढला. एका खोक्यात ती चादर, तो स्विच आणि वेटोळे घातलेली बेलची वायर निघाली. त्याच दिवशी मला अकरावा तपासायचा होता आणि हाताशी दुसरी वायर नव्हती. जोडली. बाई गायला लागली आणि मी खुर्चीतून उठलो. तोच आवाज. मग दहावा जोडला, नववा जोडला. अकराच्या अकरा गायले.

मीटर लावून पाहिले. ती बारीक वायर स्पीकरच्या वाटेत साधारण एक ओहमचा अडथळा घालते. सोपे करून सांगायचे तर ट्रान्झिस्टर स्पीकरची मान घट्ट धरतो आणि व्हॉल्व्ह ढिली धरतो. मधे हा एवढासा अडथळा आला की ट्रान्झिस्टरचीही पकड सैल होते. म्हणजे मी एकतीस वर्षे अ‍ॅम्प्लिफायर शोधत होतो आणि आवाज वायरीत होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आणि दादाचा कान चुकला नव्हता. त्याने ऐकले ते बरोबर ऐकले. माझ्या डब्याने नव्हे, दाराच्या बेलने त्याला हरवले.

हे मला चौदा महिन्यांपासून माहीत आहे आणि मी ते दादाला सांगितलेले नाही. सबब हे दुकान, आतल्या सर्व सामानासह, माझ्या पश्चात माझ्या थोरल्या भावाला मिळावे, आणि वरील हकीकत त्याला वाचून दाखवावी.

कलम पाचवे.

हे कलम वकीलबाईंनी घालायला सांगितले. त्या माझ्या मुलीच्या मैत्रीण, बोलायला गोड आणि कामाला काटेकोर. चौथे कलम वाचून म्हणाल्या, "काका, सगळं ठीक आहे. पण दादाकाका तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. ते तुमच्या आधी गेले तर दुकान कोणाला, ते लिहा. नाहीतर कागद अर्धवट राहतो."

मी म्हटले, "लिहितो."

जर माझा थोरला भाऊ माझ्या आधी

(इथे तीन दिवस गेले. वरचे वाक्य पुरे करता आले नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं काय अवघड आहे त्यात? माझं नाव घाला आणि मोकळे व्हा." तिला म्हटले, हो. दुकानातून वर, वरून दुकानात असा दिवसभर फिरत राहिलो. जेवलो नाही. मी गेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून माफी मागायची आणि ती ऐकायला तो असेलच असे धरून चालायचे, याला शहाणपण म्हणत नाहीत. डॉक्टरांच्या दाखल्यावर माझा स्वतःचाच विश्वास उडाला. चौथ्या दिवशी सकाळी अकरावा अ‍ॅम्प्लिफायर, एक स्पीकर आणि ती वायर पिशव्यांत भरून मी दादाच्या घरी गेलो.)

यापुढील मजकूर दुसऱ्या पेनाने लिहिला आहे. पहिले दादाच्या घरी राहिले.

दादाने दार उघडले आणि पिशव्यांकडे बघून म्हणाला, "अजून हरवायचं बाकी आहे का काही?" मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. मी जोडणी केली, तो खुर्ची ओढून बसला आणि डोळे मिटले. जाड वायरीवर ऐकले, बारीक वायरीवर ऐकले. "परत लाव," म्हणाला. "आता काढ. परत लाव." असे दुपारपर्यंत चालले. कान अजून शाबूत आहे. मग ती वायर हातात घेऊन त्याने विचारले, "ही कुठल्या बेलची म्हणालास?"

"मागच्या दाराची."

"परत कधी लावलीस?"

मी म्हटले, "लावलीच नाही. राहून गेलं."

दादाने वायर मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "किल्ली ठेवल्यावर तीन महिन्यांनी आलो होतो मी. सुट्टीचा दिवस होता. म्हटलं, धाकटा आहे, आपणच जावं. मागच्या दाराशी उभा राहून बेल दाबली. दोनदा. आत गाणं चालू होतं, म्हणजे तू घरात होतास. तू उठला नाहीस."

"मला ऐकू आलं नाही रे, दादा."

"येईल कसं? वायर नव्हती." वायर गुंडाळत म्हणाला, "दार बडवायला हवं होतं मी. तेवढं काही झालं नाही माझ्याच्यानं."

त्या दिवशी आत मी काय करत होतो ते मला पक्के आठवते. दर सुट्टीला तेच करायचो. जिंकलेला अ‍ॅम्प्लिफायर उघडून, आवाज मोठा करून, गेलेला आवाज शोधत बसायचो. तो दाराबाहेर उभा होता.

सबब चौथे आणि पाचवे कलम मी रद्द करत आहे. अर्धे दुकान पहिल्यापासून दादाचेच आहे आणि जे माझे नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही. तसा वेगळा कागद वकीलबाईंनी केला आहे आणि खुंटीवरची किल्ली काल त्याच्या हातात दिली आहे. उरलेले अर्धे मुलीला. दोघांनी भांडू नये, आणि भांडले तर वेगवेगळ्या काउंटरवर भांडावे.

तिसऱ्या कलमातील अकरा अ‍ॅम्प्लिफायर ज्याला हवा त्याला एकेक फुकट द्यावा, सोबत एक ओहमचा रेझिस्टर, म्हणजे त्या वायरीइतकाच अडथळा घालणारा सुटा भाग, द्यावा आणि तो कुठे जोडायचा ते कागदावर लिहून द्यावे. जोडल्यावर त्यांच्यात काही खोट नाही. कधीच नव्हती.

बेलची वायर कोणालाही देऊ नये. ती मी आज सकाळी मागच्या दाराला परत जोडली आहे. दुकान कोणाकडेही गेले तरी ती तिथून काढू नये.

दादाला या मृत्युपत्राने काहीच मिळत नसल्यामुळे वकीलबाईंच्या मते तो साक्षीदार चालतो. त्याला विचारले तर म्हणाला, "बोलाव, येतो. पण मागच्या दारानं येईन."

हे मृत्युपत्र मी वाचले, मला समजले, आणि पहिल्यांदाच न उठता सही केली.

सही: अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा, धाकटा

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार पहिला: शेजारचा घड्याळवाला. वकीलबाईंनी सांगितल्यावरून त्याचे पाच नग त्याला आधीच देऊन टाकले. सही केली. येताना सहावा स्क्रू-ड्रायव्हर आणला, तो टेबलावर आहे.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. मागच्या दाराने आला. बेल दोनदा वाजवली, दोन्ही वेळा ऐकू आली, मी स्वतः उठून दार उघडले.

ठिकाण: दुकानाची मागची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: सातव्या महिन्याची एकोणीस तारीख, सुट्टीचा दिवस