डावीकडची शेवटची खिडकी

याडी,

शाळेत मी ‘आई’ लिहायला शिकले, पण तुला लिहायचं म्हटलं की याडीच येतं. आज मी त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात जाऊन आले. जिथे तू वीस माणसांचं रांधायचीस, पण ज्याच्या उंबऱ्याच्या आत मला कधी कोणी येऊ दिलं नाही, तिथे मी हातात मापाची टेप घेऊन, पायात चपला घालून उभी होते. महागावहून फुलसावंगीला जाताना कपाशीच्या मधोमध तो अजून तसाच दिसतो. कापसाच्या व्यापाऱ्याने कुठल्याशा साहेबाच्या घराचं चित्र पाहून बांधून घेतलेला. समोर गोल जाड खांब, त्यांच्यावर त्रिकोणी कपाळ, दाराच्या दोन्ही अंगांना चार-चार उंच खिडक्या, हिरव्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिलीच्या. दारातून निघालेली फरशीची वाट सरळ बागेत जाते, बागेच्या बरोबर मध्ये विहीर, आणि भोवती काळ्या दगडाची उंच भिंत. जे उजवीकडे, तेच डावीकडे. आता तुझ्या मालकांच्या नातवाला तिथे लग्नकार्यांसाठी जागा करायची आहे. मी उमरखेडला घरांचे नकाशे काढते, दुरुस्त्या करून देते, म्हणून त्याने मला बोलावलं. मी कोणाची मुलगी हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्या आवारात शिरलं की तू माझ्याशी आपली बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचं बंद करायचीस. आपण आपल्या बोलीत त्यांनाच नावं ठेवतो, असं मालकीणबाईंना वाटायचं. मोसंबीच्या झाडाखाली मला बसवून तू म्हणायचीस, “इथंच बस. विहिरीकडे जाऊ नको. मी खिडकीतून पाहून राह्यली बरं!” आणि डावीकडच्या शेवटच्या खिडकीकडे बोट दाखवायचीस. बाकीच्या खिडक्या उघडायच्या, ती कधीच नाही. झिलमिलीच्या फटीमागे तुझे डोळे आहेत, अशी माझी खात्री होती. मी त्या खिडकीला माझी नवी रिबन दाखवायचे, रुसले की तिच्याकडे पाठ करून बसायचे. शिवाय माझ्या पायात तू घुंगरांचे वाळे घातले होतेस. शाळेतल्या पोरी “बैल आला, बैल आला” म्हणून खिदळायच्या. मी रडून गोंधळ घातला, तरी तू ते काढले नाहीस. आपली रीत हाय, एवढंच म्हणालीस.

त्या विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. दारातून पाहिलं की बाग अखंड दिसली पाहिजे, असा व्यापाऱ्याचा हट्ट होता म्हणे. एका दुपारी मोसंबीची एक फांदी विहिरीवर वाकलेली, टोकाला पिवळंधम्मक फळ. वाळे वाजले तर मालकीणबाई बाहेर येतील, म्हणून मी ते काढून गवतात ठेवते आणि काठावर पालथी पडून हात लांब करते. खाली काळं पाणी. बोटं फळाला लागतात न लागतात तोच माझी वेणी मागून खेचली जाते. तुझे हात पिठाने भरलेले, पदर खाली लोळतोय. मालकांच्या मुलांसमोर तू मला फाडफाड मारलंस. “काहून काढले वाळे? सांग, काहून काढले?” हेच पुन्हा पुन्हा. फळाबद्दल एक शब्द नाही. मी हुंदके देत त्या खिडकीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हिला खरंच सगळं दिसतं. त्या माराबद्दल मी तुला कधी माफ केलं नाही.

आज आतून मापं घेत डावीकडच्या टोकाच्या स्वयंपाकघरात गेले, तर समोर काजळीने काळी भिंत. मला वाटलं खोली चुकली. बाहेर येऊन खिडक्या मोजल्या, पुन्हा आत गेले. माझ्याबरोबरच्या मिस्त्रीचाचांनी हातोडीने ठोकून पाहिलं. “बेटी, ही दिखाव्याची हाय. मागं भिंतच भिंत.” तसं ते मलाही दिसतच होतं. तिथे चूल हवी होती आणि बाहेरून जोड जमायला हवी होती, म्हणून बंद भिंतीवर झिलमिली ठोकून दिलेली. तू पाहत नव्हतीस. उघड्या विहिरीपाशी मला बसवून तू भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापत होतीस! इतका संताप आला की तू समोर असतीस तर भांडलेच असते. मग छताजवळ धूर जाण्यासाठी ठेवलेला एक झरोका दिसला.

मी चाचांना म्हटलं, किल्ल्यांचा जुडगा घ्या आणि बागेत वाजवत फिरा. बाईचं डोकं फिरलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, पण गेले. मी चुलीच्या जागी उभी राहिले. झरोक्यातून आवाज आला, बारीक, पण आला. पाटा-वरवंट्याच्या, मालकीणबाईंच्या हाकांच्या गदारोळात तू दिवसभर एवढंच ऐकत होतीस तर. आणि तेवढ्यात तो आवाज थांबला. चाचा साठीचे आहेत आणि विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, हे मला माहीत होतं. तरी मी धावत सुटले, दिवाणखान्यातून, खांबांमधून, पायऱ्या उतरून थेट विहिरीपर्यंत. चाचा बाटली तोंडाला लावून उभे. “पानी पिऊन राह्यलो ना बेटी. काय झालं?”

मी मालकांच्या नातवाला सांगितलं, ती भिंत फोडून तिथे खरी खिडकी करायची. तो म्हणाला, “बाहेरून तं चांगलीच दिसून राह्यली, कायले फोडता?” मी म्हटलं, नसेल फोडायची तर दुसरं कोणी पाहा. उद्या सांगतो म्हणाला. काम जाईलही, मोठं काम आहे, जीव टांगणीला लागलाय. पण त्या चुलीपाशी उद्या जी कोणी उभी राहील, तिला बाग दिसली पाहिजे. तू गेलीस, आता हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? बंगल्याच्या नकाशाबरोबर गुंडाळून ठेवते.

चाचांना मी सांगितलं की साप दिसल्यासारखं वाटलं, म्हणून धावले. खरं तुला सांगते. मी त्यांच्यापाशी पोचले, तेव्हा माझा हात मारायला उगारलेला होता.