डिपिंग फ्लू

१२ सप्टेंबर
आज दुकानात परत तेच औषध विकलं. तीन डबे! मेंढरांच्या अंगावरच्या किडीचं. पुण्यात सहा वर्षं मी याच जातीच्या विषावर काम केलं — लढाईतल्या विषारी वायूंचा हा चुलतभाऊ. उंदराच्या हृदयावर ते काय करतं, ते माझ्या थीसिसमध्ये आहे. थीसिस पलंगाखालच्या बॅगेत आहे. शेवटचं प्रकरण राहिलं आणि नवऱ्याला, अंबरीशला, इथे परदेशात हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी लागली. 'तिथे जाऊन लिही की!' लिहितेय. दुकानातली लेबलं.

१५ सप्टेंबर
म्हातारा मेंढपाळ जॉन-जो डबा न्यायला आला. 'हातमोजे घाला' म्हटलं तर हसला. 'यू आर ग्रँड, गर्ल!' इथे ग्रँड म्हणजे — पुरे, गप्प बस.

२३ सप्टेंबर
जॉन-जो दुकानात आला तो घामाने निथळत. तोंडातून लाळ, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. 'डिपिंग फ्लू गं. मेंढरं औषधात बुचकळली की होतो दरवर्षी.' नाडी धरली. बेचाळीस! फ्लूमध्ये नाडी धावते, बसत नाही.

ॲम्ब्युलन्स बोलावली, मग अंबरीशला फोन. 'फ्लूची साथच आहे गं इथे. तू दुकान बघ.' माझं डोकंच फिरलं. हृदयाला 'हळू' सांगणारं रसायन शरीर लगेच पुसून टाकतं. हे विष ते पुसणंच बंद पाडतं. शिवाय — हे माझं काम — विष स्वतःही हृदयातल्या त्या रसायनाच्या जागेवर, रिसेप्टरवर, जाऊन बसतं. ॲट्रोपिन, यावरचा उतारा, तयार ठेव, म्हटलं.

२४ सप्टेंबर
ॲट्रोपिनने जॉन-जो वाचला. अंबरीश म्हणतो, 'माझ्या लक्षात आलंच होतं.'

८ ऑक्टोबर
थीसिस बॅगेतून बाहेर! अंबरीश म्हणे, 'जरा चाळतोय.' माझ्या आकृत्यांचे फोटो त्याच्या फोनमध्ये. सगळ्या डॉक्टरांपुढे ही केस मांडायचीय म्हणे. माझं नाव? 'अगं, दुकानातल्या बाईने सांगितलं, असं कसं म्हणू?'

बायको म्हणायलाही जीभ रेटली नाही. फार लागलं.

१६ ऑक्टोबर
केस मांडली. जॉन-जोलाही बोलावलं होतं; त्यानेच नंतर दुकानात येऊन सांगितलं. हॉस्पिटलातल्या बॉसबाईंनी अंबरीशला विचारलं, कसं ओळखलंत? तो तोंड उघडायच्या आत जॉन-जो — 'याने कुठलं? दुकानातल्या पोरीने फोनवर सांगितलं याला. मी तिथेच होतो!'

अंबरीश जेवला नाही. म्हणाला, 'पेशंटसमोर कशाला फोन केलास?'

१७ ऑक्टोबर
बॉसबाईंचा ईमेल. आकृत्या जिथल्या, तो थीसिस वाचायचाय. वर माझं नाव — 'डॉ. मृणालिनी'.

डॉक्टर! चूक आहे ती, शेवटचं प्रकरण बाकी आहे. अजून कळवलं नाही. पुण्याचं तिकीट काढलंय. एकच.