दादा आणि जल्लाद यांचं अकरा वर्षांचं वैर

२ फेब्रुवारी

इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दादा म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं आहे." जणू अक्षर चांगलं असलं की घडलेलंही चांगलं होतं.

मे महिन्यात कंपनीला पंचवीस वर्षं होताहेत. त्या दिवशी येईल त्याला एक पुस्तिका द्यायची — बत्तीस पानी, आमच्या कुस्तीचा गौरवशाली वगैरे. कंपनी म्हणजे काय, तर फरशांचं जुनं गोदाम, एक रिंग, तीनशे घडीच्या खुर्च्या (काही बसल्या बसल्या मिटतात) आणि दर शनिवारी संध्याकाळी एकमेकांना आपटणारे नऊ पुरुष. कोण कोणाला आपटणार हे दुपारीच ठरलेलं असतं.

हे शेवटचं वाक्य पुस्तिकेत घालायचं नाही. म्हणजे काय गाळायचं ते आधी ठरलं, लिहायचं काय ते मी शोधायचं.

५ फेब्रुवारी

आमच्यात त्याला 'पडदा' म्हणतात. कुस्ती खरी आहे, राग खरा आहे, असंच चोवीस तास वागायचं. रिंगमध्ये, रस्त्यात, दवाखान्यात, कुठेही. दादा नायक, जल्लाद खलनायक, तेव्हा नायकाच्या घरातल्या माणसानं खलनायकाशी हसून बोलायचं नाही.

वहिनी पडदा सगळ्यांत कडक पाळते. मागे दाताच्या डॉक्टरकडे जल्लाद समोर आला. चार पेशंट बघताहेत म्हटल्यावर ही उभी राहिली आणि त्याला फाडफाड बोलली — लाज वाटत नाही का, माझ्या नवऱ्याच्या पाठीत खुर्ची घालताना! तो बिचारा गाल धरून पुटपुटला, "वहिनी, दाढ दुखतेय हो." वहिनी म्हणाली, दुखू दे. घरी येऊन तिनं त्याच्यासाठी लवंगेचं तेल पाठवलं. माझ्याच हाती.

६ फेब्रुवारी

पान कोरं.

१२ फेब्रुवारी

निळ्या भुंग्याकडे गेले. त्याची कीर्ती अशी — सोळा वर्षं अपराजित, चेहरा कोणी पाहिलेला नाही. मुखवटा मी शिवते, म्हणून मला माहीत आहे की आतापर्यंत त्यात तीन डोकी राहून गेली. पहिल्याची पाठ गेली, दुसऱ्यानं लग्नानंतर सोडलं, आताचा नळ दुरुस्त करतो. माझ्याशीही तो सिंकखाली आडवा पडूनच बोलला.

त्याला सोळाच्या सोळा वर्षं आपल्या नावावर हवीत. मी म्हटलं, अहो, पहिल्या वर्षी तुम्ही शाळेत होतात.

"शाळेत होतो," तो म्हणाला, "पण जिंकलो होतो."

मी लिहून घेतलं. त्यानं पाना मागितला, तो दिला. इतिहासकाराला काय, सगळंच करावं लागतं.

१९ फेब्रुवारी

आज 'विश्वासघात' हे प्रकरण. चौदाव्या वर्धापनदिनी जल्लादनं दादाच्या पाठीत खुर्ची घातली. तोवर दोघं जोडीनं लढायचे. लोक रडले होते, एका म्हातारीनं जल्लादवर छत्री फेकली होती. तेव्हापासून वैर चालू आहे ते आजपर्यंत.

दादाला विचारलं, काय वाटलं तेव्हा? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ती खुर्ची माझ्या पाठीत नाही बसली, काळजात बसली."

"दादा, खुर्ची तूच निवडली होतीस. हलकी बघून."

"हो. पण तरी."

त्याच्याशी एवढं लांब बोलणं माझं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. हो, नाही, जेवण झाकून ठेवलंय — यापलीकडे मी जात नाही. का, ते इथे लिहून टाकते. ही वही कोणी वाटणार नाहीये.

त्या खुर्चीच्या दोन आठवडे आधी जल्लादनं मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. मग खुर्ची पडली आणि दादा म्हणाला, नायकाची बहीण खलनायकाच्या गळ्यात माळ घालणार? लोक तिकिटं फाडून तोंडावर फेकतील. वैर संपू दे, पुढच्या वर्धापनदिनाला हात मिळवतो आम्ही, मग खुशाल करा. एकच वर्ष.

दहा वर्धापनदिन गेले. दरवेळी संध्याकाळी कुस्ती, आणि कुस्तीनंतर दादाचं तेच — लोकांना अजून हवंय. मी पस्तिशीची होते, आता सेहेचाळीसची आहे. भावावर इतकी वर्षं रागावून राहायचं म्हणजे चेष्टा नाही, रोज सकाळी उठून नव्यानं रागवावं लागतं.

२६ फेब्रुवारी

जल्लाद मापाला आला. दुकानाचा पडदा ओढून टेपनं माप घ्यायचं, हीच काय ती आमची भेट. सगळ्यांचे पोशाख मीच शिवते, त्यामुळे कोणी बोट दाखवू शकत नाही. इतका मापून घेतलेला पुरुष जगात दुसरा नसेल. वर्षातून बारा-चौदा वेळा! कंबर दोन इंच वाढलीय, ते सांगितलं नाही, शिवण सोडेन गुपचूप.

म्हणाला, "या वेळी नक्की. पंचविसावं वर्ष आहे, या वेळी हात मिळवणारच. तुझा भाऊ दगड आहे ग, पण दगडालाही पाझर फुटेल."

मी आरशात बघितलं. केस रंगवायला हवेत, असं वाटलं. कितीतरी दिवसांनी.

११ मार्च

आठ पानं झाली. त्यातलं खरं फक्त गोदामाचा पत्ता आणि भुंग्याच्या मुखवट्याचा रंग. खरं तर रंगही नाही, सुरुवातीला हिरवा होता, तसलं कापड मिळेना म्हणून निळा केला.

पुस्तिकेत लिहिलंय: शपथेनुसार रंग बदलला.

२ एप्रिल

वहिनीला माझ्या रंगवलेल्या केसांचा सुगावा लागला. कपाटातली जांभळी साडी काढून माझ्या पलंगावर ठेवून गेली.

१७ एप्रिल

शेवटी पंचकाकांकडे. पंचवीस वर्षं तेच पंच. माणूस देव आहे, फक्त लक्षात काही राहत नाही. दोनदा त्यांनी भलत्याच्याच नावानं तीन मोजले आणि ठरलेला विजेता आ वासून बघत राहिला. तेव्हापासून निकाल चिठ्ठीवर लिहून त्यांच्या मोज्यात घालतात. कुस्तीनंतर चिठ्ठी फाडून टाकायची, पडद्याचा पहिला नियम तो.

काकांनी एकही फाडलेली नाही. चपलांच्या खोक्यांत भरून ठेवल्यात, वर्षवार.

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, काका, का?

"उद्या कोणी म्हणालं, पंचानं पक्षपात केला, तर? पुरावा नको?"

ठरवून केलेल्या कुस्त्यांचा हा प्रामाणिकपणे जपलेला पुरावा! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका रागावले नाहीत, आणखी एक खोकं काढून दिलं. म्हणाले, घेऊन जा, इतिहासाला लागेल.

१८ एप्रिल

चिठ्ठीची पद्धत अशी. नायक-खलनायकांनी एकत्र दिसायचं नाही, म्हणून एक जण निकाल लिहितो, दुसऱ्याकडे धाडतो, तो खाली होकार लिहितो, मग चिठ्ठी पंचाकडे. दोघांपैकी एक जरी नको म्हणाला, तरी आधीचं आहे तसंच चालू. अंगावर उड्या मारायच्या असतात, मनाविरुद्ध कोणाला लावायचं नाही.

पंधराव्या वर्धापनदिनाची चिठ्ठी सापडली. वर दादाचं अक्षर: या वेळी हात मिळवू, वैर संपलं.

खाली: नको. अजून एक वर्ष.

खालचं अक्षर मला माहीत आहे. त्या अक्षरातली पत्रं माझ्या उशीच्या अभ्र्यात आहेत.

सोळाव्या वर्षाची काढली. सतराव्या. अशा दहा. दहाही वेळा दादानं संपवू म्हटलंय आणि दहाही वेळा त्यानं नको म्हटलंय. एकोणिसाव्या वर्षी दादानं 'कृपा करून' असंही लिहिलंय. दादानं! जो दारावर कोणी आलं तर 'कोण' एवढंही नीट विचारत नाही.

जेवले नाही.

२० एप्रिल

दादाला चिठ्ठ्या दाखवल्या. बराच वेळ चष्मा पुसत बसला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मी तुझ्याशी धड बोलले नाही, दादा. दहा वर्षं."

"तुला त्याच्याशी संसार करायचा होता. त्याच्यावर राग धरून कसा केला असतास? माझ्यावर धरलास तरी मी भाऊच."

मग म्हणाला, या वेळी मात्र त्यानं आपणहून निरोप धाडलाय, हात मिळवायचे म्हणून. गुडघे गेलेत त्याचे, डॉक्टरनं हे शेवटचं वर्ष सांगितलंय.

वहिनी दारात उभी होती. "मी तेव्हाच सांगत होते, तिला सांगा," म्हणाली आणि आत जाऊन भांडी आपटत राहिली. मी खूप रडले. त्याच्यासाठी नाही. दादाशी न बोललेल्या दिवसांसाठी.

२३ एप्रिल

जल्लाद मापाला आला. टेप हातात घेतलाच नाही. विचारलं, का?

आधी म्हणाला, कोण म्हणतं? चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. मग खाली बसला.

"तीनशे माणसं माझ्या नावानं ओरडतात ग. शिव्या देतात, पण माझ्याच नावानं. हात मिळवला असता तर दुसऱ्या दिवशी मला कोणी ओळखलं असतं?"

"आणि मी?"

"तू तर होतीसच. तू कुठे जाणार होतीस?"

हे त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नाही. प्रेमानं म्हटलं, हेच तर. मी त्याला म्हटलं, कंबर दोन इंच वाढलीय, बाहेरून शिवून घे.

९ मे

पुस्तिका छापून आली. 'विश्वासघात' या प्रकरणातला मी एक शब्दही बदलला नाही. त्या प्रकरणापुरता आमचा इतिहास अगदी खरा आहे.

१६ मे

दुपारी त्याची चिठ्ठी आली: हात मिळवू. दादा ती घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, नको लिही.

"किती वर्षं?"

"त्याचे गुडघे टिकतील तोवर."

दादानं लिहिलं. संध्याकाळी जांभळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले, आणि तो आत आला तेव्हा सगळ्यांबरोबर त्याच्या नावानं बोंब मारली. बाकीच्यांचं नाटक होतं. घसा बसलाय, फार बरं वाटतंय.